मसाल्याच्या डब्यातले सहा आवाज : प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२५

७ जून

आईनं नवा मसाल्याचा डबा घेतला आणि जुना माझ्या वाट्याला आला. स्टीलचा, सात वाट्यांचा, बुडाला एक पोचा. हळदीची वाटी कितीही घासली तरी कडेला पिवळीच. रात्री तो टेबलावर ठेवून बघत बसले होते. कडेनं सहा वाट्या, मध्ये एक. सीडी ४०१०६ ह्या चिपमध्येही सहाच इन्व्हर्टर असतात (घरातले बॅटरीवाले नव्हेत, आत आलेला सिग्नल उलटा करणारे बारीक भाग), आणि सातवी गोष्ट लागते ती सगळ्यांना सामाईक अशी वजा बाजू. माझ्या मनातल्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा नकाशा स्वयंपाकघरातच तयार होता.

दिवसभर मी कंपनीत कंट्रोल पॅनलचं वायरिंग करते. तिथं आवाज आला म्हणजे काहीतरी बिघडलं. मला बरीच वर्षं असं काहीतरी करायचं आहे की ज्यात तोच आवाज वाजवता येईल.

१० जून

डब्यात वाट्यांखाली सर्किट मावेना. मग प्लायवुडची गोल चकती कापून डब्याच्या तोंडावर बसवली आणि वाट्या तिच्यावर पालथ्या घालायचं ठरवलं. भोकं पाडायला इथं कोल्हापुरातच, शिवाजी उद्यमनगरात मामाच्या शेडवर गेले. पहिली वाटी मी ड्रिलखाली नुसती हातात धरली. मामानं लांबूनच ओरडून मशीन बंद करायला लावली. "पातळ पत्रा हाय. ड्रिलनं धरला की गरकन फिरतोय, बोट जाईल." त्यानं लाकडाचा ठोकळा वाटीच्या पोटात बसवला, पंच मारून खूण केली, व्हाइस आवळला आणि मग हळूहळू हँडल खाली आणलं. भोकाच्या कडेचा बर, म्हणजे उठलेली धार, मोठ्या ड्रिलनं हातानंच फिरवून काढला. सात वाट्यांना पाऊण तास लागला. सातवी मी केली.

१४ जून

आज पहिला आवाज.

चिपमधला प्रत्येक इन्व्हर्टर (ह्या जातीला श्मिट ट्रिगर म्हणतात) आत आलेलं पालथं करून बाहेर देतो. बाहेरचं पुन्हा एका रेझिस्टरमधून (वीज अडवणारा भाग) आतच सोडलं आणि आतल्या टोकाला एक कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) लावून त्याचं दुसरं टोक वजा बाजूला जोडलं, की कपॅसिटर भरतो, इन्व्हर्टर पलटतो, कपॅसिटर रिकामा होतो, इन्व्हर्टर पुन्हा पलटतो. हे हो-नाही, हो-नाही सेकंदाला शंभरदा झालं की कानाला सूर लागतो. १०० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडला साधारण तेवढंच येतं. सहा इन्व्हर्टरना सहा वेगळे कपॅसिटर दिले, म्हणून सहा सूर. सरगमीत मुद्दाम लावले नाहीत.

वाट्या जोडल्यात त्या आतल्या टोकांना, आणि मधली वाटी बॅटरीच्या वजा बाजूला. अंगठा मधल्या वाटीवर ठेवून दुसरं बोट कडेच्या वाटीला लावलं की कातडीतून थोडी वीज गळते आणि सूर खाली घसरतो. दाब वाढवला की आवाज खरखरतो, तुटतो, थांबतो. ९ व्होल्टची बॅटरी आहे, हाताला काहीच जाणवत नाही. मिशेल वाइसविस यांनी सत्तरच्या दशकात हॉलंडमध्ये क्रॅकलबॉक्स केला तो ह्याच विचारावर: धातूच्या पट्ट्या, त्यांवर बोटं, आणि वाजवणाऱ्याचं शरीर हाच सर्किटचा एक भाग. त्यांचं सर्किट वेगळं होतं. पण कातडीतून सूर वाकतो म्हणजे काय, हे मला आज हळदीच्या वाटीवर कळलं.

१८ जून

भाच्याचं पडून असलेलं खेळण्यातलं कीबोर्ड उघडलं. ओलं बोट बोर्डावरून फिरवत गेले. तीन जागी आवाज एकदम बदलतो. एका जागी तर प्रत्येक सूर घोगरा होऊन ताणला जातो. तिथं वायर डाग देऊन बाहेर काढली. अमेरिकेत रीड गझाला यांना साठच्या दशकात, शाळकरी वयात, हे असंच अपघातानं सापडलं होतं: टेबलाच्या खणात उघडा पडलेला छोटा अॅम्प्लिफायर धातूला टेकला आणि आपोआप आवाज काढू लागला. पुढे ह्या कामाला 'सर्किट बेंडिंग' हे नावही त्यांनीच दिलं. घरी कुणी करणार असेल तर एक पक्कं लक्षात ठेवा: सेलवर चालणारीच वस्तू उघडायची. भिंतीतल्या २३० व्होल्टवर चालणारी कधीच नाही.

२२ जून

काँटॅक्ट जळालेला २४ व्होल्टचा रिले (विजेनं चालू-बंद होणारा स्विच) कंपनीतून मागून आणला. त्याची कॉइल म्हणजे बारीक तारेचे हजारो वेढे. ती एलएम ३८६ ह्या चिपच्या छोट्या अॅम्प्लिफायरला जोडली (पिन १ आणि ८ च्या मध्ये १० मायक्रोफॅरड घातला की तो आवाज २० ऐवजी २०० पट वाढवतो) आणि हेडफोन लावून घरभर हिंडले. जिथं वीज बदलते तिथं भोवती चुंबकीय क्षेत्र बदलतं, आणि कॉइल ते ऐकते. फ्रिजचा जाड हं. एलईडी दिव्याची शिट्टी. मोबाइल नेटवर्क शोधतो तेव्हाची टरटर. जर्मनीच्या ध्वनिकलाकार क्रिस्टिना कुबिश लोकांना असे हेडफोन घालून शहरातून फिरवतात. मीही संध्याकाळी राजारामपुरीतून एक फेरी मारली. एटीएमच्या दारात सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले. वॉचमनकाका काळजीनं बघायला लागले, तेव्हा त्यांनाही ऐकवलं.

२९ जून

आमच्या गल्लीतले हलगीवाले काका आज माझ्यासोबत वाजवायला पहिल्यांदा बसले. त्यांच्याकडे ही विद्या वडिलांकडून आली. लग्न, कुस्तीचं मैदान, जोतिबाची यात्रा, सगळीकडे त्यांचा हात चाललेला. पाऊस कोसळत होता. आल्या आल्या त्यांनी कागद पेटवला आणि हलगी त्यावर फिरवायला लागले. "आधी शेकाय पायजे. पावसात कातडं ढिलं पडतंय." जाळ कातड्याला लागू न देता वरच्यावर, गोल गोल. मध्ये मध्ये बोटानं टिचकी मारून ऐकायचं. आवाज ठप्प होता तो हळूहळू कडक होत गेला.

माझ्या डब्याचंही तेच झालं होतं आणि मला कारण कळत नव्हतं. वाट्यांना हात न लावताही सूर सरकत होते, दोन तर बंदच. काकांनी चकती दाबून बघितली आणि म्हणाले, "हे लाकूडबी पाणी पितंय की." खरंच. ओल्या प्लायवुडमधूनच वाट्यांच्या आपापसात वीज गळत होती.

३ जुलै

प्लायवुड काढलं, ६ मिलिमीटरचं अॅक्रिलिक बसवलं. सूर जागेवर आले.

५ जुलै

हलगीपुढे माझा डबा ऐकूच येत नाही. एलएम ३८६ अर्धा वॉट देतो, हलगी बंद खोलीत कान फाडते.

ओळखीच्या एका भजनी मंडळाचा अॅम्प्लिफायर आणला. जोडला, मधल्या वाटीवर अंगठा ठेवला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मामानं टेस्टर लावला तर अॅम्प्लिफायरच्या अंगातच करंट उतरत होता. प्लग दोन पिनांचा, अर्थिंग नाहीच. डब्याची वजा बाजू, मधली वाटी, माझा अंगठा आणि अॅम्प्लिफायरचा सांगाडा, सगळं एकाच तारेवर. स्पर्शावर चालणारं वाद्य करणाऱ्यानं हे आधी लिहून भिंतीवर लावायला हवं. माझं काम पॅनलचं, तरी माझ्याकडून राहिलं.

त्या अॅम्प्लिफायरला १२ व्होल्ट बॅटरीचीही जोडणी आहे, मिरवणुकीत गाडीवर चालवतात तशी. आता कायम बॅटरीवरच. घूं घूं करणारा ५० हर्ट्झचा गुणगुणाटही त्याबरोबर गेला.

८ ते १२ जुलै

हलगीच्या कड्याला पितळी चकतीचा पिएझो (कंपनाची वीज करणारा सेन्सर) चिकटवला. पिएझोला पुढं मोठा रोध लागतो, नाहीतर आवाज पत्र्यासारखा पातळ येतो. म्हणून कॉलेजात प्रयोगशाळेत वापरला होता तो बीएफडब्ल्यू १० फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) मध्ये लावला. तो सिग्नल एका एलईडीला दिला, एलईडीसमोर प्रकाशाचा सेन्सर, म्हणजे एलडीआर, दोघं काळ्या हीट श्रिंक नळीत बंद. हलगी वाजली की एलईडी पेटतो, एलडीआरचा रोध उतरतो, डब्याचा सूर उडी मारतो. शिवाय कीबोर्डची वायर, कॉइलला स्विच, दोन पोटेन्शिओमीटर (फिरवायची बटणं) जास्तीचे. रोज रात्री दोन वाजेपर्यंत जागले.

१३ जुलै

काकांनी दहा मिनिटं वाजवलं आणि हलगी मांडीवर आडवी ठेवली.

"तुझा डबा माझ्या मागं राहतोय." बरोबर होतं. एलडीआर उजेडाला लगेच जागा होतो, पण अंधार झाल्यावर सावकाश निवतो. काकांच्या बारीक काडीचे ठोके इतक्या जवळ पडतात की डब्यापाशी पोचेपर्यंत त्यांचा एकच गोळा होतो. मी म्हटलं, दुसरा सेन्सर घालते, फोटोट्रान्झिस्टर, तो चपळ असतो.

काका म्हणाले, "त्याचं न्हाई गं. गेल्या खेपेला डाव्या हाताला ही वाटी रडत हुती, आज हसतीया. रोज नवं वाद्य घिऊन आलीस तर मी वाजवू कुणासंगं?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन जुन्या नोंदी वाचल्या. पाच आठवड्यांत मी डबा अकरा वेळा बदलला होता. सलग अर्धा तास वाजवला मात्र एकदाही नव्हता.

२० जुलै

मैत्रीण ख्याल शिकते. तिच्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीमुळे तारेला येणारा झंकार, गेली होती, म्हणून तिच्याबरोबर मिरजेला गेले. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गल्लीत शिरल्यावर दिसतात ते वाळत टांगलेले भोपळे आणि दारात बसून काम करणारी माणसं. कारागिरांनी घोडी घासली, तार छेडली, कान जवळ नेला. पुन्हा दोनच हात कानस. पुन्हा तार. मग दोरा तारेखाली घालून केसभर पुढं, केसभर मागं. एकदम तार नुसती 'टण्' न वाजता उमलली, आतले सूर एकामागून एक बाहेर आले. घोडीवरून किती भुकटी पडली असेल? चिमूटभरही नाही. आणि तेवढ्यासाठी त्यांनी पन्नास-साठ वेळा तार छेडली असेल.

परतीच्या गाडीत मी ठरवलं.

२ ऑगस्ट

पिएझो काढला. एलईडी-एलडीआरची नळी काढली. कीबोर्ड परत खोक्यात. जास्तीचे पोटेन्शिओमीटर काढून भोकं बुजवली. आता फक्त सहा वाट्या, मधली वाटी, आवाजाचं एक बटण आणि शेजारी कॉइल. चकतीचे चारही स्क्रू आवळले आणि त्यांवर नेलपॉलिशची रेघ मारली, पॅनलमध्ये आवळलेल्या स्क्रूवर आम्ही खूण करतो तशी. खंडेनवमीला मामाच्या शेडमध्ये वाजवायचं, तोपर्यंत ही रेघ मोडायची नाही.

३ ते २५ ऑगस्ट, रियाजाच्या नोंदी

रोज रात्री चाळीस मिनिटं. एकेका आठवड्याला एकच वाटी.

तिसरी वाटी सगळ्यात हळवी. बोट टेकवताच अर्धा सूर उतरते. पाचवी जाडी, तिला तळहाताची कड लागते.

सूर थांबायच्या अगदी आधी एक जागा आहे. तिथं आवाज बंदही नसतो आणि धड चालूही नसतो. एकेक ठोका सुटा पडतो, जसा भिजल्या कौलावरून शेवटचा पाऊस ठिबकतो. पहिले दहा दिवस मी ती जागा ओलांडून पुढं जायची. आता तिथं पाचेक सेकंद थांबता येतं. श्वास सोडला की बोट नकळत सैल होतं, म्हणून श्वासही मोजावा लागतो.

दोन वाट्यांना दोन बोटं एकदम लावली, मधलीला न शिवता, की दोन सूर एकमेकांना ओढतात. आधी त्यांच्यातली घरघर मंदावते, मग क्षणभर दोघं एकत्र चालतात. पहिली आणि चौथी अशा जुळतात. दुसरी कुणाशीच नाही.

बोटं कोरडी ठेवायला टॅल्कम पावडर, ओली करायला ओला रुमाल. दोन्ही हाताशी. कोरडं बोट सूर वाकवतं, ओलं बोट सूर गिळतं.

बॅटरी ९ वरून साडेसातला आली की सगळेच सूर बदलतात, आणि सगळे सारखे नाही. साडेआठच्या खाली गेली की बदलायची, असा नेम केला.

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

गणपती. काकांना रोज सुपारी. तालीम बंद.

१४ सप्टेंबर

काका आले, बसले. तासभर वाजवलं. निघताना दारात चप्पल घालताना म्हणाले, "आता वळखीचं वाटाय लागलंय."

२१ सप्टेंबर

मैत्रीण ऐकायला आली होती. तिला आवडलं, पण तिनं विचारलं, हे आपल्याकडचं आहे का? गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात, देवल क्लबसारख्या जुन्या संगीतसंस्थेच्या गावात हा प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे. मी तिला सांगितलं की १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 'मूग' नावाचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं वाद्य, आला. अमेरिकेचे संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो स्टुडिओ उभा करायला मदत केली आणि पुढची काही वर्षं आपल्या लोकांनी तिथं टेपवर स्वतःचं काम केलं. त्यांत गीता साराभाई होत्या. त्या पखवाज वाजवायच्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवलं आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या.

काका कोपऱ्यात चहा पीत होते. त्यांना ह्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटली. "बाई पखवाज वाजवायची? त्या काळात?" मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मैत्रिणीचा प्रश्न मात्र मी सोडून दिलेला नाही. डबा आमच्या घरातला आहे, हलगी आमच्या गल्लीतली. पण चाळीस मिनिटांत काय वाजतं, त्यावरून ते ठरायला हवं.

२८ सप्टेंबर

शेडमध्ये तालीम. कॉइल लेथच्या मोटरजवळ धरायची, मोटर सुरू होताना तो आवाज खालून वर चढतो, तिथून काकांनी उचलायचं. मधला सगळा भाग ह्या चढणीवर बांधलाय. ऑगस्टपासून ह्याच मोटरवर सराव केला आहे. भारी जमलं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी शेडमध्ये पूजा झाली. लेथ, शेपर, ड्रिल, सगळ्यांना पुसून, हळदीकुंकू वाहून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. फरशीवरचं कटिंग ऑइलही चुन्यानं घासून काढलेलं. संध्याकाळी सहाला आम्ही सामान घेऊन पोचलो. मी कॉइल काढून लेथकडे निघाले तर मामा आडवा आला.

"आज न्हाई."

"मामा, नुसती मोटर चालू करायची. जॉब लावायचा नाही."

"वरीसभर राबत्यात त्या. आज त्यांना हात लावायचा न्हाई."

तो चिडला नव्हता, पण हलणारही नव्हता. आणि त्याचं म्हणणं खरं होतं. हे मलाच आधी सुचायला हवं होतं. आमचा मधला भाग गेला. काकांना सांगितलं. ते हलगी शेकत होते, मान वर न करता म्हणाले, "मग बघू की."

वीस-पंचवीस माणसं. कामगार, त्यांच्या घरचे, मामी, मैत्रीण, शेजारच्या शेडमधले दोघं. बसायला गोणपाट. नवी बॅटरी, ९.२ व्होल्ट.

पाचवीपासून सुरुवात केली, तळहाताची कड ठेवून. जाड, सावकाश. काकांनी पहिली पाच मिनिटं वाजवलंच नाही, नुसते मान हलवत ऐकत होते. मग बारीक काडी कातड्याच्या कडेला, इतकी हलकी की माझ्या सुटलेल्या ठोक्यांत ती कुठली आणि डबा कुठला हे मलाही लगेच कळेना. तिसऱ्या वाटीवर सूर थांबायच्या जागेपाशी गेले, थांबले. मागं एक लहान मूल "बंद पडलं" म्हणालं आणि त्याच्या आईनं त्याला गप्प केलं. बंद पडलं नव्हतं.

बाराव्या मिनिटाला ती मोकळी जागा आली. सवयीनं कॉइल हातात घेतली आणि धरायला काही नाही. ड्रिल मशीनच्या भोवती मामीनं बाजारातली एलईडीची माळ गुंडाळली होती, लुकलुकणारी, सॉकेटपाशी बटणाची छोटी डबी असलेली. माळेला हात लावणं म्हणजे मशीनला हात लावणं नव्हे. मी कॉइल त्या डबीपासून चार बोटांवर नेली.

टर्र. टर्र. टर्रर्रर्र. गप्प. टर्र.

दिवे पेटतील तसा आवाज, विझले की शांतता. लोकांनी आधी माझ्याकडे, मग माळेकडे पाहिलं. दिसत होतं तेच ऐकू येतंय हे एकेकाच्या चेहऱ्यावर उमटत गेलं. कॉइल जवळ नेली की आवाज भरतो, लांब नेली की विरतो, आडवी केली की एका ठरावीक कोनात पार नाहीसा होतो. काकांनी दोन फेऱ्या ऐकल्या. तिसऱ्या फेरीला त्यांचं जाड टिपरू बरोबर त्या 'गप्प'च्या जागी पडलं. एकच ठोका. पुढच्या फेरीला दोन. मग त्यांनी माळेच्या चालीवर सरळ मैदानातली चाल चढवली. मी डावा हात कॉइलवर ठेवून उजव्यानं पहिली आणि चौथी वाटी एकत्र धरली. दोन सूर ओढत ओढत जवळ आले आणि जुळले. तेवढ्यात माळेनं आपणहून चाल बदलली, सगळे दिवे सावकाश उजळायला आणि मावळायला लागले, आणि टरटरीचा एकच लांब श्वास झाला. काकांनी हात तिथंच हवेत थांबवला.

एकूण चोवीस मिनिटं झाली. नंतर मुलांनी कॉइल मागून घेतली आणि शेडभर फिरवली. मामानं स्वतः ती एनर्जी मीटरजवळ धरून ऐकली, बराच वेळ.

४ ऑक्टोबर

बॅटरी ८.७. दुसरी वाटी थोडी सैल वाजतेय, आतला नट ढिला झाला असणार. तो आवळायचा तर रेघ मोडावी लागेल. रविवारी काका येणार आहेत. आधी त्यांच्यासमोर ती सैल वाटी वाजवून दाखवते, मग ठरवू.